सरकार नावाचा भाडेकरू

२०१६ सालच्या उन्हाळ्यात मी तीन आठवडे दोह्यात खुर्च्या मोजत होतो. सांगलीच्या वालचंदची सिव्हिलची पदवी, वर वीसेक वर्षांचा अनुभव, आणि काम काय, तर खुर्च्या मोजणं! आईला फोनवर सांगितलं तेव्हा तिला वाटलं माझी नोकरी गेली आणि मी काहीतरी थापा मारतोय.

झालं होतं असं. वेस्ट बे म्हणून दोह्याचा जो उंच टॉवरांचा भाग आहे (कतारचा कुठलाही फोटो पाहिलात तर समुद्राच्या कडेला काचेच्या इमारतींचं जे झुडूप दिसतं ते), तिथल्या एका टॉवरमध्ये एका सरकारी खात्याने बरेच मजले भाड्याने घेतलेले होते. खात्याचं नाव सांगत नाही, मला अजून इथे राहायचंय. आमच्या कंपनीला काम मिळालं की प्रत्येक मजल्यावर किती चौरस मीटर जागा आहे, किती टेबलं आहेत आणि किती माणसं बसतात ते लिहून काढा. इथलं सरकारी ऑफिस सकाळी सातला सुरू होतं आणि दुपारी दोनला आटपतं. मी साडेसातला एक फेरी मारायचो, दहाला दुसरी आणि एकला तिसरी. कागदावर तीन रकाने होते: खुर्च्या, पटावरची माणसं, प्रत्यक्ष बसलेली माणसं.

तिसरा रकाना भरताना फार हसू यायचं. एका मजल्यावर साधारण अकराशे चौरस मीटर जागा होती आणि दिवसाच्या सर्वात गर्दीच्या वेळी तिथे एकतीस माणसं सापडली. त्यातले दोन चहा देणारे. म्हणजे माणशी पस्तीस चौरस मीटर! डोंबिवलीत एवढ्या जागेत चौघांचं कुटुंब राहतं आणि दिवाळीला पाहुणेही उतरतात.

त्या मजल्यावरचा इजिप्शियन मॅनेजर मला 'या बाशमुहंदिस' अशी हाक मारायचा. (मुहंदिस म्हणजे इंजिनियर, आणि बाश लावलं की मोठा इंजिनियर. इजिप्शियन लोक हे सगळ्यांनाच लावतात, तेव्हा हुरळून जायचं कारण नाही.) शेवटच्या दिवशी त्याने मला खजूर खायला घातला आणि म्हणाला, "ही यादी वर गेली की आमचा मजला जाणार, बरोबर?" मी म्हटलं मला माहीत नाही. तो म्हणाला, "जायलाच पाहिजे. मी इथे सहा वर्षं आहे. मागच्या बाजूच्या चार खोल्यांची किल्ली कोणाकडे आहे तेसुद्धा मला ठाऊक नाही."

मजला गेला. पुढच्या वर्षी त्याच मजल्यावरच्या जिप्समच्या भिंती तोडायचं काम आमच्याच कंपनीला मिळालं.

आता तुम्ही म्हणाल, हे तेलवाले, गॅसवाले. यांच्याकडे पैसा उतू जातोय, उधळू देत की. आपल्याला काय त्याचं? मीही २००५ साली इथे आलो तेव्हा असंच म्हणायचो. पण गेली काही वर्षं मला उलटंच वाटायला लागलंय, आणि ते उलटं काय ते सांगायलाच आज बसलोय.

आधी इथली गोष्ट पुरी करतो. २००० नंतर कतारचा गॅस जहाजांत भरून जगभर जायला लागला आणि सरकारी खाती भराभर वाढली. जुन्या बैठ्या कचेऱ्या पुरेनात. तिकडे वेस्ट बेमध्ये टॉवरमागून टॉवर उभे राहत होते. त्यांचे मालक कोण? बहुतेक इथलीच बडी कुटुंबं आणि इथल्याच कंपन्या. मग सरकारने काय केलं, तर अख्खे टॉवर नाहीतर दहा-दहा मजले भाड्याने घेतले. मालकाला याच्याइतका चांगला भाडेकरू कुठे मिळणार? दिवाळखोर होणार नाही, पळून जाणार नाही आणि पार्किंगवरून भांडणारही नाही. माझं आपलं मत असं की ही नुसती जागेची गरज नव्हती. गॅसचा पैसा नागरिकांत वाटायचे जे अनेक मार्ग इथे आहेत, त्यातलाच हा एक होता. सरकारने भाडं द्यायचं, मालकाने त्याच भाड्यावर बँकेचं कर्ज फेडायचं आणि पुढचा टॉवर बांधायला घ्यायचा. भाडी इतकी चढली की २००८ साली नवा भाडे कायदा आणावा लागला (त्या वर्षीचा ४ क्रमांकाचा), करार नोंदवायची सक्ती करावी लागली आणि काही काळ भाडेवाढ गोठवावी लागली.

इथे थोडं धंद्याचं सांगतो, कारण बाहेरच्याला वाटतं भाडं म्हणजे भाडं. तसं नसतं. करारात चौरस मीटरचा दर लिहिलेला असतो, पण चौरस मीटर कोणता? लिफ्टसमोरच्या मोकळ्या जागेचा, कॉरिडॉरचा, संडासाचा वाटा त्यात धरला की नाही? आपल्याकडे कार्पेट आणि सुपर बिल्टअपची जी मारामारी असते तीच ही, फक्त इंग्रजी जरा बरं. त्यावर सर्व्हिस चार्ज. त्यावर थंड पाणी. म्हणजे प्यायचं नव्हे! वेस्ट बेमध्ये एसीसाठी लागणारं थंड पाणी मध्यवर्ती प्लांटमधून मोठ्या नळांनी इमारतींत येतं. त्याच्या बिलाचे दोन भाग असतात. एक वापराचा आणि दुसरा 'तुमच्यासाठी एवढी क्षमता राखून ठेवली' याचा. मजला रिकामा असला, एसी बंद असला, तरी दुसरा भाग भरावाच लागतो. रिकाम्या खोल्या थंड ठेवायचा खर्च असा चालू राहतो आणि तो भाड्याच्या आकड्यात कुठे दिसत नाही.

सगळ्यात वाईट म्हणजे भिंती. टॉवरमधला मजला मिळतो तो बहुधा उघडा. खात्याने स्वतःच्या खर्चाने केबिनी बांधायच्या, कारपेट टाकायचं, साहेबासाठी वेगळा संडास, मजलिससाठी वेगळी खोली. करार संपला की मालक म्हणतो, दिलं होतं तसं परत करा. मग तेच सगळं पुन्हा स्वतःच्या खर्चाने तोडायचं. मी दोन्ही बाजूंची बिलं पाहिली आहेत. बांधताना पैसे, तोडताना पैसे, आणि मधे नवा अधिकारी आला की त्याला खिडकी दुसऱ्या बाजूला हवी म्हणून परत पैसे. आमच्यासारख्यांची पोटं त्यावर भरतात हे कबूल करतो. पण शेवटी हाती काय राहतं, तर कचऱ्याच्या ट्रकमध्ये पडलेले जिप्समचे तुकडे.

२०१४ च्या मध्याला तेल शंभर डॉलरच्या वर होतं. २०१६ च्या जानेवारीत ते तिशीच्या खाली आलं. कतारने त्या वर्षीचं अंदाजपत्रक मांडलं त्यात साडेशेहेचाळीस अब्ज रियालची तूट होती, पंधरा वर्षांतली पहिली. त्याच जानेवारीच्या अखेरीस मंत्रिमंडळात फेरबदल झाले आणि मंत्रालयं एकत्र केली गेली: नगरपालिका आणि पर्यावरण एक, वाहतूक आणि दळणवळण एक, संस्कृती आणि क्रीडा एक. त्यानंतर मग आमच्यासारखे खुर्च्या मोजणारे सुटले. मजले परत दिले गेले, काही खाती दुसऱ्या भागांत हलली. वेस्ट बेमधल्या भाड्यांवर एकदम उतरती कळा आली, इतका मोठा हा एकच भाडेकरू होता. टॉवरवाल्यांची तोंडं पाहण्यासारखी झाली होती.

इथे स्वर्ग आहे असं मी म्हणत नाही, हे लक्षात घ्या. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये एकत्र केलेल्या मंत्रालयांपैकी काही पुन्हा वेगळी केली गेली, म्हणजे परत नव्या पाट्या आणि नव्या केबिनी. लोकांनी प्रश्न विचारायची इथे सोय नाही, सरकारी भाड्याचा आकडा कुठल्या वर्तमानपत्रात येत नाही, आणि जागा कोणाची घ्यायची यात कोण कोणाचा कोण हे विचारायचं नसतं. पण एक गोष्ट झाली. खिसा हलका झाल्यावर कोणीतरी एक साधा प्रश्न विचारला: एवढ्या जागेत माणसं किती बसतात? आणि उत्तर आणायला माणूस पाठवला.

आता आपल्या घरी येऊ. घरी म्हणजे अगदी माझ्याच घरी.

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचं जुनं घर आहे. पुढच्या अंगाला चार खोल्या आणि ओटा. १९७९ साली अण्णांनी (म्हणजे माझ्या वडिलांनी) त्या खोल्या एका सरकारी कचेरीला भाड्याने दिल्या. कुठल्या ते सोडा. भाडं ठरलं दरमहा सव्वादोनशे रुपये. अकरा महिन्यांचा करार, स्टँपपेपरवर. त्या अकरा महिन्यांचे पस्तीस वर्षं झाले. १९९१ साली भाडं सहाशे झालं आणि तिथेच थांबलं. २०१४ सालीही सहाशेच! गावात तेवढ्यात मोबाईलचं दुकान टाकायला टपरीसुद्धा मिळत नव्हती.

आणि हे सहाशेही दरमहा येत नसत. वर्षातून एकदा, मार्चअखेरीला, 'अनुदान उपलब्ध झाल्यावर'. अण्णा म्हणायचे, "सरकार भाडं बुडवत नाही रे. फक्त विसरतं." २००३ साली भाडेवाढीचा अर्ज केला. टेप घेऊन दोघे जण मोजमाप घ्यायला आले, आईने त्यांना पोहे केले. कागद वर गेला. वर म्हणजे कुठे ते आजतागायत कळलं नाही. दरवर्षी उत्तर एकच: प्रस्ताव वरिष्ठ कार्यालयाकडे सादर करण्यात आला आहे.

मी इथून फोनवर तावातावाने म्हणायचो, "अण्णा, तुम्ही नोटीस द्या ना सरळ."

"देईन रे. पण तो साहेब रोज सकाळी आपल्याच ओट्यावर बसून चहा पितो. त्याला नोटीस कुठल्या तोंडाने देऊ?"

एका पावसाळ्यात मागची भिंत खचली. दुरुस्ती कोणी करायची यावर वर्षभर पत्रव्यवहार चालला. शेवटी अण्णांनीच अठ्ठावीस हजार घालून ती बांधली, म्हणजे जवळजवळ चार वर्षांचं भाडं. २०१५ साली कचेरी एक दिवस उठली आणि बायपासवरच्या नव्या तीन मजली इमारतीत गेली. ती इमारतही खाजगी, भाड्याचीच. जाताना शेवटच्या सात महिन्यांचं भाडं राहिलं ते राहिलंच. चाव्या शिपायाने आणून दिल्या, आणि तो बिचारा रडला. पस्तीस वर्षं त्याने आमच्या अंगणातल्या पारिजातकाची फुलं देवाला नेली होती.

पुढच्या सुट्टीत मी ती नवी इमारत बघून आलो. सवयीने खुर्च्या मोजल्या. (बायको म्हणते हा आजार आहे.) दोन मजल्यांवर मिळून चौदा माणसं. तिसऱ्या मजल्यावर दोऱ्याने बांधलेली कागदांची गाठोडी आणि एक मोडका कूलर. आमच्या चार खोल्यांत हीच चौदा माणसं गर्दी करून का होईना बसत होती. आणि तिथून पाच मिनिटांवर सरकारची स्वतःची जुनी इमारत आहे, दगडी, कौलारू, दाराला कुलूप. पत्र्यावर 'धोकादायक' लिहिलंय. वीस वर्षांपूर्वी कौलं शाकारली असती तर धोकादायक झाली नसती.

म्हणजे बघा, हे एकच सरकार. आमच्या अण्णांना सहाशे रुपयांवर पस्तीस वर्षं लटकवतं आणि बायपासवर रिकाम्या मजल्याचं भाडं भरतं. गरीब मालक सापडला तर त्याला पिळायचं, आणि वजनदार सापडला तर आपण पिळून घ्यायचं. दोन्हीचं कारण मला एकच दिसतं. करार कधी संपतो ते पाहणारा माणूस नाही.

तालुका लहान म्हणून असं होतं असं वाटत असेल तर मुंबईत चला. २१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली, वरचे मजले जळाले, माणसं दगावली. खाती इकडेतिकडे हलवावी लागली. आणीबाणीच होती, तेव्हा मिळेल तिथे जागा घेतली याबद्दल कोणी दोष देणार नाही. पण आणीबाणी किती वर्षं चालते? नरिमन पॉइंटची एअर इंडियाची इमारत २०१३ साली जवळपास मोकळी झाली होती, कारण कंपनीने मुख्यालय दिल्लीला नेलं. मंत्रालयापासून चालत जाण्याच्या अंतरावर तेवीस मजले, सेहेचाळीस हजार चौरस मीटरच्या वर जागा. ती विकायला निघाली तेव्हा राज्य सरकारने १४०० कोटींची बोली लावली, जेएनपीटीने १३७५ आणि एलआयसीने १२००. मग चर्चा, पत्रं, पुन्हा चर्चा. राज्य मंत्रिमंडळाने १६०१ कोटींना मंजुरी दिली ती नोव्हेंबर २०२३ मध्ये, केंद्राने होकार दिला मार्च २०२४ मध्ये. आगीला तोपर्यंत पावणेबारा वर्षं झाली होती.

गंमत पुढेच आहे. ती इमारत ज्या जमिनीवर उभी आहे ती जमीन राज्य सरकारचीच, भाडेपट्ट्याने दिलेली! व्यवहारात राज्याने जवळजवळ तीनशे कोटींचं (नेमकं सांगायचं तर २९८ कोटी ४२ लाख) आपलं अनर्जित उत्पन्न आणि व्याज सोडून दिलं. म्हणजे एकीकडे आपण स्वतः जमीनमालक, दुसरीकडे आपलीच खाती शेजारपाजारच्या खाजगी इमारतींत भाडेकरू. खरेदी चुकली असं मी म्हणत नाही. उलट मला वाटतं चांगलं केलं, दहा वर्षं आधी करायला हवं होतं. पण या मधल्या दहा-बारा वर्षांत मुंबईतल्या सरकारी भाड्याची एकूण पावती कोणी फाडून दाखवली आहे का? माझ्या तरी पाहण्यात नाही.

दिल्लीत तरी काय वेगळं? सेंट्रल व्हिस्टाचं समर्थन करताना केंद्रातले मंत्री सांगायचे की दिल्लीतल्या केंद्रीय कचेऱ्यांच्या भाड्यावर वर्षाला हजार कोटी जातात. ६ ऑगस्ट २०२५ ला कर्तव्य भवनाचं उद्घाटन झालं तेव्हा पंतप्रधानांच्या भाषणात तो आकडा दीड हजार कोटी होता. मधल्या काळात भाडी वाढली असतील, किंवा मोजायची पद्धत बदलली असेल. पण पाचशे कोटींचा फरक हा काही किराणा मालाच्या यादीतला फरक नव्हे. आणि दोन्ही आकडे कधी कळले? नवी इमारत बांधायचं समर्थन करायची वेळ आली तेव्हा. तोवर साठ-सत्तर वर्षं कोणी विचारलं नाही.

असं का होतं, यावर आमच्या इथल्या मराठी मित्रमंडळींत बऱ्याच गुरुवारी रात्री वाद झाले आहेत. एक मित्र म्हणतो भ्रष्टाचार. असेल, पण भ्रष्टाचार म्हटलं की आपण विचार करायचं थांबतो. माझं उत्तर जरा रुक्ष आहे. सरकारी अंदाजपत्रकात भाडं येतं 'भाडेपट्टी व कर' या शीर्षाखाली, त्या त्या खात्याच्या रोजच्या खर्चात, पगार आणि टेलिफोनच्या शेजारी. नवी इमारत बांधायची तर ती येते भांडवली खर्चात, बांधकाम खात्याकडून. दोन वेगळ्या वह्या, दोन वेगळी माणसं. इमारत मागायला मंजुऱ्यांची शिडी चढावी लागते. भाडं चालू ठेवायला मात्र काहीच करावं लागत नाही, मागच्या वर्षीचा आकडा पुढे ओढला की झालं. दोन्ही वह्या शेजारी ठेवून 'पंधरा वर्षांचं भाडं आणि एक इमारत, यात स्वस्त काय' असं गणित घालणं हे कोणाचंच काम नाही. सुरुवातीला भाडं वाजवी आहे की नाही याचा दाखला लागतो हे खरं. राज्यात तो सार्वजनिक बांधकाम खात्याचा, केंद्रात सीपीडब्ल्यूडीचा. पण दाखला सांगतो की दर बरोबर आहे. एवढी जागा हवी होती का, हे तो सांगत नाही. रिकाम्या तिसऱ्या मजल्याचा दरही वाजवी असू शकतो.

'मग काय, सगळ्या कचेऱ्या स्वतःच्या बांधायच्या का?' असं विचाराल तर नाही. आपल्याकडे सरकारने बांधलेल्या इमारतींची अवस्था मी वर सांगितलीच. आणि सगळ्या विकून भाड्याने राहायचं हे दुसरं टोकही लोकांनी करून पाहिलं आहे. २००१ साली ब्रिटनच्या कर खात्यांनी आपल्या सहाशेच्या आसपास इमारती मॅपली नावाच्या कंपनीला देऊन टाकल्या आणि वीस वर्षांसाठी त्याच परत भाड्याने घेतल्या. पुढे बोभाटा झाला की ज्या कंपनीच्या नावावर इमारती गेल्या ती नोंदलेली होती बर्म्युडात, कर चुकवायला लोक जातात तिथे! कर वसूल करणारं खातंच कर वाचवणाऱ्याचं भाडेकरू. असा विनोद आपल्या नाटकवाल्यांनाही सुचला नसता.

पण त्याच ब्रिटनने २०१० साली दुसरी एक गोष्ट केली. पैशाची ओढाताण होती, तेव्हा सरकारी मालमत्तांसाठी एक मध्यवर्ती विभाग काढला आणि नियम केला की कोणत्याही खात्याने नवा भाडेकरार करायचा किंवा जुना वाढवायचा तर आधी वरून परवानगी घ्यायची. करार संपायची किंवा मधेच सोडता येण्याची तारीख आली की गप्प बसून तो पुढे चालू ठेवायची सोय राहिली नाही. जागा का हवी ते लिहून द्यावं लागायला लागलं, आणि माणशी किती चौरस मीटर याचं माप ठरलं. यात काही रॉकेट सायन्स नाही. खुर्च्याच मोजल्या त्यांनीही.

मला महाराष्ट्रात एवढंच हवंय. एक यादी. राज्यातली प्रत्येक भाड्याची सरकारी जागा: पत्ता, मालकाचं नाव, क्षेत्रफळ, भाडं, करार संपायची तारीख, बसणारी माणसं. सहा रकाने. जिल्हावार वेबसाईटवर टाका आणि दर एप्रिलला बदला. सातबारा ऑनलाईन करता आला, कोट्यवधी लोकांच्या जमिनी घरबसल्या दिसायला लागल्या, तर सरकारचे स्वतःचे भाडेकरार दाखवायला काय अडचण आहे? माहिती अधिकाराच्या कायद्यात, २००५ पासून, कलम ४ आहेच: न मागता स्वतःहून जाहीर करा. यादी निघाली की अण्णांसारखे मालकही त्यात दिसतील, ज्यांचं भाडं तीस वर्षं हललेलं नाही. त्यांना न्याय देऊनही सरकारचे पैसे वाचतील असं मी पैजेवर सांगतो, कारण बायपासवरचे तिसरे मजले पुष्कळ निघतील.

कोणी म्हणेल, तुम्ही परदेशात बसून सल्ले देता, इथे येऊन करून दाखवा. मान्य. म्हणून गेल्या वर्षी साताऱ्याच्या मावसभावाला पकडलं आणि त्या बायपासवरच्या कचेरीकडे माहितीचा अर्ज टाकायला लावला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर हवा. (ही एवढी पानं लिहिणाऱ्या माणसाला दीडशे शब्द म्हणजे काय शिक्षा आहे ते तुम्हाला कळेल.) क्षेत्रफळ, भाडं, कराराची मुदत आणि कर्मचारी संख्या एवढंच विचारलं.

अठ्ठाविसाव्या दिवशी उत्तर आलं. भाड्याचा आकडा मिळाला. तो इथे लिहीत नाही, अण्णा वाचतील. क्षेत्रफळासमोर लिहिलं होतं: करारनाम्याप्रमाणे. कर्मचारी संख्येसमोर: मंजूर पदे बावीस. बसतात किती, ते नाही. आणि मुदतीसमोर: करारनामा नूतनीकरणाचा प्रस्ताव वरिष्ठ कार्यालयाकडे सादर करण्यात आला आहे.

मी ते वाक्य अण्णांना फोनवर वाचून दाखवलं. ते नव्वदीला टेकलेत, ऐकायला कमी येतं, म्हणून दोनदा वाचावं लागलं. मग खूप वेळ हसत होते. म्हणाले, "अरे, म्हणजे त्याचाही कागद तिथेच गेला की!"

पहिलं अपील केलंय. सुनावणी पुढच्या महिन्यात आहे. मावसभाऊ विचारतोय की दोह्याला खुर्च्या मोजल्या होत्या त्याचा तक्ता कसा होता, साहेबांसमोर ठेवायला मराठीत करून पाठवशील का. तीनच रकाने आहेत. आज रात्री पाठवतोय.